शिक्का पडला की देश संपला

विमान रात्रीचं होतं, पण बाबांनी दुपारी चारलाच टॅक्सी आणून सोसायटीच्या गेटाशी उभी केली. चारकोपहून विमानतळ गाठायला दीड तास, अगदी वाट लागली तरी दोन. पण बाबांच्या मते टॅक्सीचं पंक्चर, रस्त्यातली खोदकामं आणि कुणाची तरी वरात या तिन्ही गोष्टी त्या दिवशी खास आमच्यासाठी थांबलेल्या होत्या. आईने माझ्या तळहातावर दही ठेवलं, साखर विसरली म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. तेवढ्यात बाबांनी हुकाच्या काट्याला अडकवून दोन्ही बॅगा तिसऱ्यांदा तोलल्या. माझा नवरा अमित चार महिने आधीच कॅनडाला पोचला होता. मी मागून एकटी निघाले होते.

टॅक्सीत बसताना बाबांनी खिशातून एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. लाकडी मुठीचा रबरी शिक्का. त्यावर आमच्या घराचा पत्ता उलट्या अक्षरांत कोरलेला: सेक्टर, प्लॉट, सोसायटीचं नाव, चारकोप, कांदिवली पश्चिम. "पत्र पाठवशील तेव्हा पत्ता लिहायचा त्रास नको," ते म्हणाले.

मी वैतागले होते. निघताना रडू येऊ नये म्हणून मी नेहमीच वैतागते. "बाबा, आता कोण पत्रं लिहितं? फोन आहे ना."

"असू दे गो. जागा किती खाणार?"

शिक्का मी पर्समध्ये टाकला. त्याला आता अकरा वर्षं झाली.

हे मी लिहितेय ते तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी. जे चारकोपला, बोरिवलीला, मुलुंडला मागे राहिलात आणि संध्याकाळी फोन वाजायची वाट बघत बसता, त्यांच्यासाठी. आणि जे माझ्यासारखे उठून गेलात आणि तो फोन उद्यावर ढकलता, त्यांच्यासाठीही. मी काही शहाणपण सांगणार नाहीये. माझ्या हातून एक चूक झाली आणि ती माझ्या बापाने निस्तरली, तेवढंच सांगायचंय.

आधी बाबांबद्दल सांगते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा एक छोटा गाळा होता. लग्नपत्रिका छापायच्या आणि रबरी शिक्के बनवायचे, हा त्यांचा धंदा. आमचे आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले, गिरणी बंद पडली तेव्हा बाबा पंचविशीत होते. गिरणगावातल्या एका शिक्केवाल्याकडे ते काम शिकले आणि ते काम घेऊनच इकडे उपनगरात आले. कांदिवलीतल्या कित्येक डॉक्टरांचे, वकिलांचे, सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे शिक्के त्यांच्या हातचे असतील. त्यामुळे त्यांना उलटी अक्षरं सरळ अक्षरांइतकीच भराभर वाचता येतात. लहानपणी मी माझा निबंध त्यांना दाखवायला नेला की ते कागद उलटा धरून पाठीमागून उजेडात वाचायचे आणि चुका बरोबर काढायचे. मला भयंकर राग यायचा. माझा राग बघून ते म्हणायचे, "हिच्या डोक्यावर इस्त्री तापेल."

इकडे आम्ही ओंटारिओतल्या एका छोट्या शहरात राहतो. मोठी ईरा आता आठ वर्षांची, धाकटा नील पाचचा. ईराला आधी शाळेत घातलं होतं. घरात अखंड मराठी बडबडणारी ती पोरगी शाळेत वर्षभर तोंडच उघडेना. बाई म्हणायच्या, लाजाळू आहे. लाजाळू कसली, रात्रंदिवस नीलवर हुकूम सोडते. शेवटी मी नोकरी सोडून तिला घरीच शिकवायला घेतलं. इथे तशी मुभा आहे, होमस्कूल म्हणतात. आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे शाळेतून काढलं तिला? काय केलंन तिने?"

घरी शिकवणाऱ्या आम्हा आयांचा इथे एक ग्रुप आहे. लायब्ररीत जमतो, एकमेकींना प्रिंटआउट देतो. त्यातूनच मी 'महिन्याला एक देश' हा प्रकार उचलला. महिनाभर एकच देश. त्याचा झेंडा रंगवायचा, नकाशात शोधायचा, तिथलं काहीतरी रांधून खायचं, चार शब्द शिकायचे. सगळी कलाकारी बुटांच्या रिकाम्या खोक्यात साठवायची. मुलांनी पुठ्ठ्याचे पासपोर्ट केले होते. महिना संपला की मी बटाट्याचा ठसा कापायची, तो रंगात बुडवून मुलं आपापल्या पासपोर्टात उठवायची. मग खोक्याला झाकण, झाकणावर देशाचं नाव, आणि खोकं कपाटावर. मी दर वेळी टाळी वाजवून म्हणायची, "चला, जपान संपला." "चला, केनिया संपला." मुलांना ते फार आवडायचं. शिक्का पडला की देश संपला, हा आमच्या घरचा नियमच होऊन बसला.

गेल्या सप्टेंबरात भारताची पाळी आली. लायब्ररीतल्या एका भल्या बाईने मला भारताचं तयार पॅकेट दिलं. त्यात झूल घातलेला हत्ती, पुंगीवाला, ताजमहाल, आणि कापून घालायची कागदी साडी. नीलने हत्ती जांभळा रंगवला आणि विचारलं, "आजोबांकडे हत्ती आहे?" मी नाही म्हटलं. "मग साप?" साप तर मुळीच नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. त्याला वाटलं आजोबा भारतात राहतात म्हणतात ते उगीचच.

माझी सटकली. पॅकेट रद्दीत टाकलं आणि बाबांना फोन लावला. "बाबा, पुढचा महिनाभर तुम्ही शिकवायचं. रोज अर्धा तास. इथले सकाळचे साडेनऊ, तुमचे संध्याकाळचे सात."

"मी? मी काय शिकवणार गो? मॅट्रिक झालेला माणूस."

"चारकोप शिकवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता बाबा पडद्यावर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. समोर जुन्या लग्नपत्रिकांचे नमुने, त्यांच्या कोऱ्या पाठीवर टिपणं काढलेली. गाळा बंद करून चार वर्षं झाली होती त्यांना. तेव्हापासून त्यांचा दिवस दूध, पेपर आणि बँकेची फेरी यात सरायचा. त्या दिवशी त्यांचा आवाज मला गाळ्यावरचा वाटला, गिऱ्हाईक समोर असतानाचा.

पहिला धडा उलट्या अक्षरांचा. ईराला स्वतःचं नाव उलटं लिहायला शिकवलं, म्हणाले आरशात धर. ते सरळ दिसलं तशी ती किंचाळली. मग पुढे रोज काही ना काही. एकदा बाबा फोन हातात धरून मासळी बाजारात गेले आणि बोंबील, मांदेली, सौंदाळे एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरले. कोळीण ओरडली, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" बाबा म्हणाले, "शाळा चालू आहे, जरा थांब." एक दिवस गोराईच्या बोटीत बसले. मध्येच रेंज गेली, पडद्यावर बाबांचं कपाळ आणि थोडं आभाळ तेवढं अडकून राहिलं. नीलने ते चित्र काढलंय, भारत म्हणून. दुसऱ्या मजल्यावरचे कांबळेकाका एकदा पाहुणे म्हणून आले. त्यांनी ज्वारीची भाकरी थापून दाखवली, लातूरकडची, त्यांच्या आईची पद्धत. मागून आईने "माझी तांदळाची पण दाखवा" म्हणून धरणं धरलं, तेव्हा बाबांनी तो धडा दोन दिवस चालवला.

मी बाजूला बसून ऐकायचे, भांडी घासता घासता. खरं सांगते, अकरा वर्षांत बाबा माझ्याशी इतके बोलले नव्हते. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे 'जेवलात का', 'थंडी आहे का', 'घे आईशी बोल'. आणि हा माणूस माझ्या मुलांना सांगत होता की पहिला शिक्का कापला तेव्हा अंगठ्याला ब्लेड लागलं, आणि तो व्रण त्यांनी कॅमेऱ्याजवळ धरून दाखवला. तो व्रण मी जन्मभर बघत आले होते. कशाचा आहे ते कधी विचारलं नव्हतं.

एका महिन्याचे सहा आठवडे झाले. शेवटी मी म्हटलं, आता आवरतं घेऊ, मुलांना ब्राझील खुणावतोय. बाबा म्हणाले, "बटाट्याचा ठसा नको हां. भारताचा शिक्का मी करून पाठवतो."

तो कुरियरने आला. रबर हाताने कोरलेलं होतं. मधे गोराईची बोट, बोटीत छत्री घेतलेला एक माणूस, भोवती गोलात 'चारकोप' आणि खाली मुलांची नावं. लाकडी मुठीला एका बाजूला छोटा पितळी खिळा मारलेला. शिक्क्याची पुढची बाजू न बघता बोटाला कळावी म्हणून तो मारतात. आईने फोनवर सांगितलं, पंधरा दिवस खिडकीत बसून कोरत होते, दोन बिघडले म्हणून टाकले, हा तिसरा.

शिक्का मारायचा कार्यक्रम बाबांच्या समोरच केला. ईराने आणि नीलने पासपोर्टात तो उठवला, अगदी स्वच्छ उमटला, छत्रीच्या काड्यासुद्धा. बाबा पडद्यावर पुढे झुकून बघत होते. मुलांनी खोक्यात सगळं भरलं, मी झाकण लावलं, आणि सवयीने टाळी वाजवून म्हटलं, "चला, इंडिया संपला."

बाबांनीही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. मी वर कपड्यांच्या घड्या करत होते. खाली नीलने घेतला. त्याचा आवाज मला जिन्यावर स्वच्छ ऐकू आला. "आजोबा, इंडिया डन झाला. आता ब्राझील आहे."

"असं होय?" बाबा म्हणाले. "बरं, बरं. ब्राझीलचे मास्तर कोण मग?"

"नोबडी," नील म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. उद्धटपणे नव्हे, धडा संपल्यावर ठेवतात तसा. मी धावत खाली आले तोवर तो पोपट रंगवायला बसलासुद्धा होता.

मी उलटा फोन लावला. बाबा हसत होते. म्हणाले, "चुकून लागला गो. सवयीने बोट पडलं." मंगळवारी फोन आला नाही. बुधवारीही नाही. मी मुलांना पकडून आणलं, आजोबांशी बोला म्हणून. दोघं 'हाय आजोबा' म्हणून एकमेकांना कोपरखळ्या मारत उभी राहिली आणि दोन मिनिटांत पळाली. बाबा म्हणाले, "पोरांचा अभ्यास चालू असतो. कशाला मध्ये मध्ये."

मी ईराला फैलावर घेतलं. आजोबांनी इतकं शिकवलं, इतका सुंदर शिक्का पाठवला, जरा बोलायला काय होतं? तिने ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "पण तूच म्हणालीस ना, संपला म्हणून?"

पोरीचं काय चुकलं? जपान संपल्यावर तिने कुणा जपानी माणसाला फोन केला नव्हता. केनियाच्या खोक्याला झाकण लावल्यावर मी ते पुन्हा उघडलं नव्हतं. मी माझ्या बापाला एक देश बनवलं, त्याच्याकडून सहा आठवडे काम करून घेतलं, आणि झाकण लावून कपाटावर ठेवून दिलं. त्याने झाकणाला शोभेलसा शिक्काही स्वतःच कोरून पाठवला. मुलांनी आजोबा ओळखावेत म्हणून हा सगळा खटाटोप केला होता आणि मुलं आता आजोबा या विषयात उत्तीर्ण होऊन मोकळी झाली होती.

दहाएक दिवसांनी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "सात वाजले की शर्ट बदलतात. मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणे कुठे नाही, असंच. मग खुर्चीत बसतात अर्धा तास. मग परत बदलतात." ती तक्रार करत नव्हती, आईची सांगायची ती पद्धतच आहे. फोन ठेवल्यावर मी सिंकचा नळ सोडला आणि भरपूर रडून घेतलं.

बाबांना मी सॉरी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. "मुलं आहेत ती. त्यांना पुढे जायचंय, नाही तर शिकवायचं कशाला?" मी म्हटलं, तुम्ही इकडे या ना बाबा, सहा महिने राहा. हे मी वर्षातून चारदा म्हणते. आईच्या गुडघ्यांना इतका वेळ विमानात बसणं जमणार नाही आणि आईला सोडून बाबा येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. हौसेने काढलेला त्यांचा खरा पासपोर्ट कपाटात कोराच पडून आहे. "बघू," ते म्हणाले. मी म्हटलं बरं.

नोव्हेंबरात एक जाड पाकीट आलं. मुलांच्या नावाने, माझं नाव कुठेच नाही. आत एक पासपोर्ट होता. बाबांनी लग्नपत्रिकांच्या जुन्या नमुन्यांचा केलेला, मधोमध दोऱ्याने शिवलेला. कव्हरच्या आतल्या बाजूला उठावाचा गणपती तसाच राहिलेला, खाली कुणाकुणाच्या विवाहाचं अगत्याचं आमंत्रण. पहिल्या पानावर बाबांचा फोटो, खऱ्या पासपोर्टासाठी काढलेल्यातला उरलेला. नाव, जन्मगाव, उंची, आणि 'ओळखीची खूण' याच्यापुढे 'डाव्या अंगठ्यावर ब्लेडचा व्रण'. दुसऱ्या पानावर वर सुबक अक्षरांत 'कॅनडा', आणि खाली सगळं पान मोकळं.

सोबत चिठ्ठी होती, ती ईराने मोठ्याने वाचली. मराठी वाचायला ती अडखळते, पण तिने कुणाला मदत करू दिली नाही.

"चि. ईरा व चि. नील यांस अनेक आशीर्वाद. मी तुम्हाला माझा देश शिकवला, पण तुमच्या देशाचं मला काहीच येत नाही. तिथे झाडं कोणती, शेजारी कोण, तुम्ही सकाळी दार उघडता तेव्हा समोर काय दिसतं, यातलं काही माहीत नाही. या वयात मला शाळेत कोण घेणार? तुम्ही घ्याल का? रोज संध्याकाळी मी मोकळा असतो. पासपोर्ट तुमच्याकडेच ठेवा. अभ्यास पक्का झाल्याशिवाय शिक्का देऊ नये, ही विनंती. आपला विद्यार्थी, आजोबा."

ईराने चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नील, ब्राझील बाजूला ठेव."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिनेच फोन लावला. तिकडे आठ वाजले होते, कारण मधल्या काळात आमची घड्याळं तासभर मागे गेली होती. पहिला धडा तोच झाला. घड्याळ मागे का करतात ते ईराने सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "आणि तो उरलेला तास तुम्ही ठेवता कुठे?" नील म्हणाला फ्रीजमध्ये, आणि दाखवायला म्हणून खरंच फ्रीज उघडला. मागे आई म्हणत होती, जेवण गार होतंय. तिला कुणी दाद दिली नाही.

तेव्हापासून हे चालू आहे. मुलांनी आजोबांना खिडकीतला बर्फ दाखवला, बर्फाच्या बुटांना किती पट्टे असतात ते, आणि रस्ता ओलांडताना लाल पाटी घेऊन गाड्या थांबवणारी आजीबाई दाखवली. त्या आजीबाईने हात हलवला तर बाबांनी नमस्कार केला. ईरा त्यांना गृहपाठ देते. तो टपालाने जातो, कारण विद्यार्थ्याने कागदावर लिहायचं हा तिचा नियम आहे. पहिलं पाकीट पाठवताना तिने मला चारकोपचा पत्ता विचारला. मी खणाच्या तळाशी हात घातला. लाकडी मूठ, पितळी खिळा. नवं शाईचं पॅड आणलं. अकरा वर्षं कागदाला न लागलेलं रबर, मला वाटलं होतं चिकट झालं असेल, पण पत्ता पहिल्याच दाबाला उमटला, पिनकोडसकट. आता दर पाकिटावर तो नील मारतो. खिळा पुढे धरायचा हे त्याला सांगावं लागत नाही.

एकाच बाबतीत गाडी अडते. आजोबांचा अभ्यास होत नाही. आमच्या दारातल्या मेपलला ते मापल म्हणतात. आमच्या प्रांताचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही. सारखं विचारतात, त्या लाल पाटीवाल्या बाईचं नाव काय म्हणालीस? ईरा फार कडक मास्तरीण आहे. "आजोबा, तुमचं लक्ष नसतं," ती म्हणते. बाबा मान खाली घालून कबूल करतात. एकदा तर तिने त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि ते राहिले.

मला काळजी वाटायला लागली होती. वय झालंय, विसरायला लागलेत की काय. मी हळूच आईला विचारलं, बाबा घरात काही विसरतात का गं हल्ली? "विसरताहेत कसले," आई म्हणाली. "दुपारभर वही घेऊन बसतात. कांबळ्यांना घरी बोलावून शिकवतात, दहा प्रांत आणि त्यांच्या राजधान्या. मला पाठ झाल्या ऐकून ऐकून." आणि तिने मला चार सांगून दाखवल्या. मी फोन ठेवला आणि हसत सुटले. अमित विचारत होता काय झालं, मला सांगता येईना.

मी मुलांना काही बोलले नाही. मुलं शिकवायची थांबतील अशी भीती वाटली. पण मार्चमध्ये घड्याळं पुन्हा पुढे झाली, बर्फ वितळला, लायब्ररीतल्या बायका विचारू लागल्या की तुमचा पुढचा देश कोणता. मग एका दुपारी मी ईराला म्हटलं, "आजोबांचा बराच अभ्यास झाला की गं आता. बटाटा कापूया का? छान मेपलचं पान करू."

ती चित्र काढत होती. तिने मान वर केली नाही. "नको. अजून कच्चा आहे."

"मापलवर किती दिवस अडून बसायचं?"

"आई," ती म्हणाली, "आजोबांना सगळं येतं. मला माहितीये. मापल म्हणताना ते हसू दाबतात." मग तिने दुसरा रंग घेतला. "शिक्का मारला की संपेल ना."

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती चित्र काढताना अंगाला हात लावू देत नाही. मी उठून चहा टाकला. आठ वर्षांच्या पोरीला आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला, एकमेकांशी एक शब्द न बोलता, हे कळलं होतं. वर्षभर शिकवत होते मी, आणि मला नव्हतं कळलं.

तुम्ही विचाराल, तुझं घर आता कोणतं? इथलं की तिथलं? मागे राहिलेले हे विचारतात तेव्हा थोडे रुसलेले असतात, आणि निघून आलेले विचारतात तेव्हा थोडे घाबरलेले. मीही दोन्ही सुरांत विचारून पाहिलंय. पूर्वी मला वाटायचं, चारकोप म्हणजे घर आणि हे म्हणजे राहण्याची जागा. मग काही वर्षं उलटं वाटलं. आता मला आमच्या कपाटावर बघावंसं वाटतं. तिथे जपान, केनिया, अर्धवट राहिलेलं ब्राझील अशी खोकी रांगेत आहेत. भारताचंही आहे, पण ईराने त्याचं झाकण काढून टाकलंय. त्या उघड्या खोक्यात पत्रिकांच्या कागदाचा तो पासपोर्ट उभा ठेवलाय, कॅनडाचं पान कोरं असलेला. ते पान कोरं आहे तोवर माझं घर दोन्हीकडे चालू आहे, असं मला वाटतं. जागा किती खाणार?

हे लिहून होता होता साडेनऊ झालेत. ईराने फोन पुस्तकांना टेकवून उभा केलाय. पडद्यावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. नील दारातलं नवं पान तोडून आणतो आणि कॅमेऱ्यासमोर धरतो.

"आजोबा, हे झाड कुठलं?" ईरा विचारते.

बाबा चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात. पानाकडे बराच वेळ निरखून बघतात.

"आठवत नाही गो."

"बरं," ती म्हणते. "मग उद्या परत घेऊ."